रस फुटू नये म्हणून

क्रीम फुटतं तेव्हा आवाज होत नाही. पॅनच्या कडेला आधी पाण्याची बारीक रेघ दिसते, मग मधल्या पांढऱ्या भागात रव्यासारखे कण धरतात, आणि तोवर आपल्या हातात काही राहिलेलं नसतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. कोळंबी पास्त्याची प्लेट 'फिकी आहे' म्हणून परत आली होती. मी शहाणपणा केला. उकळत्या क्रीमवर अर्धं लिंबू पिळलं. शेफ काही बोलले नाहीत. त्यांनी पॅन उचलला, सगळं कचऱ्यात ओतलं आणि रिकामा पॅन माझ्यापुढे ठेवला. तेव्हा समोर अकरा ऑर्डरी लागल्या होत्या.

का फुटलं, हे विचारायला वेळ नव्हता. नंतर विचारायची लाज वाटली. त्याचं उत्तर मिळालं ते बऱ्याच वर्षांनी, वेंगुर्ल्याला घरच्या चुलीपुढे, आणि तेही आईकडून. तिने आयुष्यात क्रीमचा डबा फोडलेला नाही.

आमच्याकडे बारावी झाली की मुलगा बाहेर पडतो. आजोबांच्या वेळी तो मुंबईला गिरणीत जायचा, माझ्या पिढीला गोवा जवळचा. मी 2004 साली गेलो. आधी हेल्पर, म्हणजे कांदे, लसूण, भांडी. मग कॉमी थ्री, टू, वन. 'कॉमी' हा फ्रेंच शब्द. आम्हा सिंधुदुर्गातल्या पोरांच्या तोंडी त्याचं 'कमी' झालं होतं, आणि पगाराकडे बघता ते बरोबरच होतं. कॉन्टिनेंटल सेक्शनला अर्धी टीम आमच्या जिल्ह्यातली. दिवसभर क्रीम, चीज, व्हाइट वाइन, आणि रात्री बारा वाजता स्टाफ मीलला सगळ्यांना हवा असायचा नुसता भात आणि बांगड्याचं तिखलं.

हॉटेलातला झटपट पास्ता झटपट नसतो, हे तिथे पहिल्या आठवड्यात कळलं. पास्ता दुपारी चारलाच उकडून ठेवायचा, एक मिनिट कमी. थाळ्यात पसरून तेलाचा हात लावायचा, वजन करून एकेका माणसाची पुडी बांधायची. कोळंबी सोलून, पाठीतला काळा दोरा काढून, बर्फावर. लसूण चिरलेला, पार्सली धुतलेली, सॉस अर्धवट तयार. याला 'मिझाँ' म्हणतात. रात्री आठला ऑर्डर आली की पुडी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, पॅनमध्ये दोन झटके, आणि सहाव्या मिनिटाला प्लेट खिडकीत. बाहेर बसलेला माणूस म्हणतो, काय फास्ट सर्व्हिस आहे! आमची घामटं निघालेली असतात ती चार ते सातमध्ये.

2019ला मी परत आलो. वडील गेले होते, आई एकटी होती, आणि माझी कंबर रोज बारा तास उभं राहायला नको म्हणत होती. मधली दोन वर्षं सगळ्यांची गेली तशी माझीही गेली. मग मागच्या पडवीच्या दोन खोल्या नीट करून पाहुणे ठेवायला लागलो. 9 ऑक्टोबर 2021ला आमच्याच तालुक्यात चिपीचा विमानतळ सुरू झाला. वाटलं, आता काय, विमानातून उतरून लोक थेट आमच्या अंगणात. तसं काही झालं नाही. येणारे बहुतेक अजूनही आपल्या गाड्या घेऊनच येतात, पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून. सागरेश्वरला पोहतात, मांडवीच्या खाडीत बचतगटाच्या बायका कांदळवनात होडी फिरवतात ती सफर करतात, आणि संध्याकाळी 'आज काय मासे?' विचारत ओसरीवर बसतात.

जेवण आईचं. माझ्या चौदा वर्षांच्या हॉटेलातल्या अनुभवाला घरात किंमत शून्य. मी बाजार करायचा, नारळ फोडायचे, पानं वाढायची. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, असं म्हटलं तर खोटं होईल.

मग एका नोव्हेंबरात पुण्याचं एक कुटुंब आलं. आई, बाबा आणि सात-आठ वर्षांची मुलगी. पहिल्या रात्री मुलीने सुरमईच्या कढीचा एक घास घेतला आणि पाण्याचा तांब्या संपवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाली, "दादा, हिला तिखट अजिबात चालत नाही हो. मासे आवडतात, पण... तुम्हाला पास्ता वगैरे जमेल का? व्हाइट सॉस?"

मला हसू आलं. चौदा वर्षं मी दुसरं काय केलं होतं?

सामान होतंच. सकाळी मासळी बाजारात नेहमीच्या काकीने हाक मारली होती, "आज सुंगटां बरी आसत, घेवन जा." आम्ही कोळंबीला सुंगटं म्हणतो. अर्धा किलो घेतली होती, बोटाएवढी, पारदर्शक, डोकी घट्ट. डोकं सैल झालं की समजावं, कोळंबीने बर्फात बरेच दिवस काढलेत. शेजारच्या बाईकडून तिसऱ्यांचे दोन वाटे घेतले होते. तिसऱ्या खाडीत सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या वेळी, चिखलात हात घालून काढतात. घरी आणल्यावर त्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवाव्या लागतात, म्हणजे पोटातली रेती त्या आपणच सोडतात. हे काम टाळलं तर बाकीच्या कष्टांवर पाणी पडतं. एका दाताखाली कचकन आवाज आला की माणूस पुढचं जेवण घाबरत जेवतो. दोन म्हाकूलही होते, ज्यांना हॉटेलात स्क्विड म्हणून तिप्पट भावाने विकायचो.

पास्ता बाजारात मिळतो. वेंगुर्ल्यातही आता मिळतो, शेवयांच्या शेजारी त्याच फळीवर. पाकिटावर 'डुरम' लिहिलंय का तेवढं बघायचं. डुरम म्हणजे आपला बन्सी गहू, कडक, पिवळसर रवा देणारा. साध्या गव्हाचा किंवा मैद्याचा पास्ता पाण्यात टाकला की बाहेरून गिळगिळीत आणि आतून पिठूळ होतो, मग त्याला कुठला शेफ वाचवणार!

आणि क्रीम? फ्रिजमध्ये दोन डबे होते. पण आदल्या रात्री वीज गेली होती ती सकाळपर्यंत आलीच नव्हती, आणि दोन्ही डबे फुगले होते. नाक्यावरच्या दुकानात विचारलं, तिथे संपलेलं. साडेसात वाजत आले होते आणि मुलगी स्टुलावर बसून पाय हलवत माझ्याकडे बघत होती.

आई दुसऱ्या कोपऱ्यात मोठ्यांच्या सोलकढीची तयारी करत होती. नारळ आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, खवून, मिक्सरला फिरवून, पंच्यातून पिळून पहिला दाट रस टोपात काढलेला. अजून त्यात कोकमाचं आगळ घातलं नव्हतं. पांढराशुभ्र, सायीसारखा. मी त्याच्याकडे बघितलं, आईने माझ्याकडे बघितलं.

"घे," ती म्हणाली. "माका दुसरो नारळ फोडून दी."

पाणी उकळायला ठेवलं. शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि साधारण दहा ग्रॅम मीठ, हे हॉटेलातलं माप. घरी आम्ही शिरोड्याचं खडे मीठ वापरतो, 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला त्या शिरोड्याचं. पण तिसऱ्या असल्या की माप कमी करायचं, कारण त्यांच्या पोटात समुद्राचं पाणी असतं आणि ते सगळं सॉसमध्ये उतरतं. मी अर्धंच घातलं.

कोळंबीची डोकी आणि सालं आई कढीसाठी ठेवते. त्यातली मूठभर मी मागून घेतली. खोबरेल तेलात ठेचलेल्या लसणाबरोबर ती मंद आचेवर पाच मिनिटं परतली, उलथन्याने दाबत दाबत. सालांतला केशरी रंग तेलात उतरतो, आणि रंगाबरोबर चवही. मग सालं गाळून टाकायची. हॉटेलात हे तेल आम्ही मोठ्या टोपात करायचो आणि मेन्यूवर त्याला मोठं नाव होतं. आईने बघितलं आणि म्हणाली, "तां तर मी रोज करतंय." खरंच करते. मीच कधी लक्ष दिलं नव्हतं.

त्याच तेलात तिसऱ्या टाकल्या, वर झाकण. आमच्याकडे खरं तर तिसऱ्या आडाळ्यावर कापून एकशिपी करतात, अर्धी शिंपी मांसासकट ठेवायची आणि अर्धी फेकायची. त्याला हात बसलेला लागतो. मी झाकणाखाली तीन मिनिटांत उघडवल्या. ज्या उघडल्या नाहीत त्या फेकल्या. न उघडलेली तिसरी उकलून बघायची हौस करू नये. त्यांचं जे करडं पाणी खाली जमलं ते वाटीत काढून ठेवलं, आणि वाटीच्या तळाशी राहिलेली चिमूटभर रेती तशीच तळाशी राहू दिली.

कोळंबी आणि म्हाकुलाच्या चकत्या शेवटी. दोन मिनिटं, फार तर अडीच. म्हाकूल तेवढ्यात मऊ असतो. त्यापुढे तो रबर होतो आणि पुन्हा मऊ व्हायला पाऊण तास घेतो. कोळंबीचं तर सोपं आहे. इंग्रजी सी अक्षरासारखी वळली की झाली. ओ झाली की गेली. हे मला हॉटेलातल्या एका कारवारच्या माणसाने शिकवलं होतं, आणि आजवर शिकलेल्या सगळ्यांत कामाचं तेच निघालं.

मग रस. मी सवयीने आच मोठी केली, क्रीम पॅनमध्ये ओततात तसा रस ओतणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आग कमी कर रे. रसाक उकळी येव देव नको. हलयत रव."

मी आच कमी केली. रस ओतला. हलवत राहिलो. कडेला बारीक वाफ दिसायला लागली, बुडबुडा एकही नाही. तिसऱ्यांचं पाणी चमच्याचमच्याने घातलं. रस जरासा आटला आणि उलथन्याला धरायला लागला. मला वाटलं, आता थोडी आंबट चव हवी. फळीवरचं लिंबू उचललं.

आई तिकडे दुसऱ्या टोपात आगळ घालत होती. तिने वळूनही बघितलं नाही.

"सोलकढी कधी चुलीर ठेवतंस रे?"

हात तिथेच थांबला. सोलकढीत नारळाचा रस आणि कोकमाचं आगळ एकत्र असतं, इतकं आंबट, तरी ती फुटत नाही, कारण ती कोणी गरम करत नाही. गरम केली की फुटते. आमच्या घरातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. आमटीत सोलं घालतात तीसुद्धा सगळ्यांत शेवटी. आंबट आणि आच एकत्र आली की रसातलं प्रथिन गोळा होतं आणि स्निग्धांश पाण्यापासून सुटतो. क्रीमचं तेच. परदेशी पुस्तकांतलं हेवी क्रीम 36 टक्के फॅटचं असतं, ते हा मार बराच सोसतं. आपल्याकडच्या फ्रेश क्रीमच्या डब्यावर 25 टक्के लिहिलेलं असतं, ते सोसत नाही. पुस्तक तिकडचं, डबा इकडचा. शेफनी तेव्हा हे सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, कोण जाणे. पण लहानपणापासून मी जे रोज बघत होतो, ते त्या किचनमध्ये शिरताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवलं होतं, एवढं खरं.

पॅन उतरवला. खाली घेतल्यावर लिंबाचे चार थेंब टाकले, चवीपुरते. काही झालं नाही.

पास्ता काढायची वेळ झाली होती. मी चाळणी घेऊन पाणी मोरीत ओतायला निघालो तर आईने टोपच धरला. "पेज ओतून टाकतंस?" पास्त्याचं पाणी गढूळ, चिकट झालं होतं, भाताच्या पेजेसारखंच. हॉटेलातही आम्ही ते वापरायचो, स्टार्च असतो म्हणून. गडबडीत मी विसरलो होतो. अर्धी वाटी पेज पॅनमध्ये घातली, त्यावर पास्ता, आणि पॅन हलवत राहिलो. नारळाचा रस, केशरी तेल आणि पेज, तिघं एक झाले. पास्त्याच्या प्रत्येक काडीला पांढरट केशरी थर बसला, ताटलीत खाली पाणी सुटलं नाही. वर मिरपूड, मुलीसाठी अगदी नावाला, आणि कोथिंबीर. पाणी उकळायला ठेवल्यापासून ताटली समोर येईपर्यंत पंचवीस मिनिटं झाली होती. सकाळचा बाजार, तिसऱ्यांची अंघोळ आणि आईने खवलेला नारळ मी त्यात धरलेला नाही. कोणीच धरत नाही.

मुलीच्या बाबांनी विचारलं, "चीज?" आहे, पण घालणार नाही, म्हटलं. इटलीतही मासळीच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत; नेपल्सकडचा शिंपल्यांचा प्रसिद्ध पास्ता तर नुसतं तेल, लसूण आणि शिंपल्यांच्या पाण्यावर होतो, त्यात क्रीमही नसतं. ते म्हणाले, "बरं बरं." मग हळूच म्हणाले, "पण असलं तर द्या थोडं." दिलं. पाहुण्याशी किती वाद घालायचा, याचं माप मी गोव्यातच शिकलोय.

मुलीने सगळं संपवलं. तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन खिशात घातल्या.

त्यानंतर हा पास्ता आमच्याकडे कायमचा झाला. सांगून आलं तरच करतो, आणि चार माणसांच्या वर एका वेळी करत नाही, कारण मोठ्या टोपात रसाकडे लक्ष राहत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत करत नाही. सुक्या कोळंबीचा एकदा करून पाहिला. वास घरभर राहिला, पास्ता कुत्र्यानेही खाल्ला नाही. उन्हाळ्यात ओले काजूगर मिळतात तेव्हा मूठभर रसातच वाटून घालतो. काजूसाठी वेंगुर्ल्याचं नाव आहे, 1957 सालापासून इथे फळ संशोधन केंद्र आहे आणि 'वेंगुर्ला 4', 'वेंगुर्ला 7' या जाती कुठकुठल्या बागांत पोचल्यात. मग घरच्या पास्त्यात चार गर पडले तर बिघडलं काय? काजूने सॉस जास्त धरून राहतो आणि थोडा उशीर झाला तरी फुटत नाही. नवशिक्याने तसाच करावा.

एक पाहुणा म्हणाला, याला 'मालवणी पास्ता' नाव द्या, बोर्डावर लिहा, चालेल. मला ते नाव नको आहे. शहरांतल्या बोर्डांवर 'मालवणी' म्हणजे लाल रंग आणि नाकाडोळ्यांतून पाणी, एवढाच अर्थ उरलाय. नारळाचा रस घालून केलेलं, पोराला भरवता येईल असं मऊ, पांढरं जेवण हे आमचं निम्मं स्वयंपाकघर आहे आणि ते बोर्डावर येत नाही. आई तर त्याला पास्ताही म्हणत नाही. त्या पहिल्या रात्री मी थोडा तिच्या पानात वाढला, तेव्हा तिने एक काडी उचलून डोळ्यांसमोर धरली.

"हे शिरवाळेच मरे!"

शिरवाळे म्हणजे तांदळाच्या पिठाची उकड काढून, तिचे गोळे उकळत्या पाण्यात तरंगेपर्यंत शिजवून, गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबून काढलेल्या शेवया. साचा दाबायला एक दणकट माणूस लागतो, लहानपणी तो मी असायचो, अक्षरशः दांड्यावर लोंबकळत. आणि शिरवाळ्यांबरोबर असतो गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. काड्या आणि रस. मी गोव्यात चौदा वर्षं तेच करत होतो, फक्त दुसऱ्या पिठाचं आणि खारट.

तिने दोन घास खाल्ले. कोळंबी आवडली, रस आवडला. काड्या चावताना मात्र कपाळाला आठी पडली. "कच्चे आसत रे."

मी तिला समजावलं की पास्ता असाच दाताला लागायला हवा, मधे किंचित कणी राहायला हवी, इटलीत त्याला खास शब्द आहे, आणि हॉटेलात तो मऊ झाला तर शेफ पॅन फेकायचे. तिने सगळं ऐकून घेतलं.

सकाळी उठलो तर ती चुलीपुढे बसली होती. रात्री पाकिटात उरलेला मूठभर पास्ता तिने पुन्हा उकडायला घातला होता, चांगला वीस मिनिटं, काडी दोन बोटांत दाबली की मोडेल इतका. शेजारी वाटीत गुळाचा रस तयार. पास्ता त्यात बुडवून तिने एक घास खाल्ला, थोडा वेळ चावत राहिली.

"चवीक बरो," ती म्हणाली. "पण गव्हाचो वास येता."

मग दुसरी वाटी भरून तिने ती माझ्यापुढे सरकवली.